भाकरीएवढा ठिपका

श्रीविलास टॉकीजच्या केबिनमध्ये पिराजी सोनुले सव्वीस वर्षं उभा होता, असं म्हटलं तर त्यात तिळमात्र खोटं नाही. केबिनमध्ये एक खुर्ची होती, पण तिच्यावर रिळांचे डबे बसत आणि पिराजी उभा राही. कोल्हापूरच्या उत्तरेश्वर पेठेतल्या त्या जुन्या थिएटरात दिवसाला चार खेळ होत. पूर्वी केबिनमध्ये तिघं ऑपरेटर असायचे. घरोघरी केबल आली, बाल्कनी रिकामी पडायला लागली, तशी मॅनेजर गणपतरावांनी दोघांना कमी केलं आणि पिराजीला ठेवलं. ठेवलं ते एवढ्याचसाठी की पिराजीच्या हातून पडदा कधी पांढरा पडत नसे.

पडदा पांढरा पडणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. एका सिनेमाची रिळं चौदा-पंधरा आणि केबिनमध्ये मशिनं दोन. एका मशिनवरचं रीळ संपत आलं की दुसरं चालू करायचं, तेही असं की खाली बसलेल्या माणसाला पत्ता लागू नये. त्यासाठी प्रत्येक रिळाच्या शेवटाला पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो. आला म्हणेपर्यंत जातो. तो दिसला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी आणखी एक ठिपका येतो. तो दिसला की पायाखालचं पेडल दाबायचं, म्हणजे पहिल्या मशिनचा झोत बंद आणि दुसऱ्याचा सुरू. तुम्ही-आम्ही जन्मभर सिनेमे बघितले, पण तो ठिपका आपल्याला कधी दिसला नाही, कारण आपण हिरॉइनकडे बघत होतो. पिराजी ठिपक्याकडे बघत होता. तो हुकला तर रीळ संपतं, रिकामा झोत पडद्यावर पडतो, आणि मग तिसऱ्या वर्गातून अशा शिट्ट्या आणि अशा शिव्या येतात, की ऑपरेटरच्या सात पिढ्या न्हाऊन निघाव्यात.

पिराजीच्या पिढ्या कोरड्या होत्या. ‘सव्वीस वर्सात येकदा न्हाय,’ हे वाक्य तो लग्नात सांगे, बारशात सांगे, आणि एकदा तर मयतीला जाऊन आलेल्या माणसांनाही त्यानं ते सांगितलं होतं.

आणि शहाण्णव सालच्या गुढीपाडव्याला, हाऊसफुल्ल तीनच्या खेळाला, पडदा पांढरा पडला.

पिराजीनं धडपडत पेडल दाबलं, शिट्ट्या ऐकून घेतल्या आणि प्रिंट पाठवणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. ठिपकाच नसेल या रिळाला, दुसरं काय! खेळ सुटल्यावर त्यानं ते रीळ टेबलावर घेतलं आणि शेवटची फिल्म बल्बासमोर धरली. ठिपका होता. चांगला ठसठशीत होता. तो फक्त पिराजीला दिसला नव्हता.

त्या संध्याकाळी सहाच्या खेळाला त्यानं डोळे फाडफाडून बघितलं. पडद्यावर माणसं हलत होती, पण त्यांना नाक-डोळे नव्हते. दिव्याभोवती कडी दिसत होती. आपल्याला हे बरेच दिवस असंच दिसतंय आणि आपण ते कबूल करत नव्हतो, हेही त्याला त्याच वेळी कळलं.

आणि हे कशाचं आहे, ते त्याला ठाऊक होतं. ज्या उस्तादानं त्याला मशिन शिकवलं, तो उस्ताद म्हातारपणी आंधळा झाला होता. भिंतीला हात लावत लघवीला जायचा. केबिनमध्ये काम करणारी सगळी माणसं एकच सांगायची, कार्बननं डोळे खाल्ले. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये वीज पेटवायची आणि त्या उजेडावर सिनेमा दाखवायचा, अशी ती जुनी मशिनं. त्या उजेडाकडे काळ्या काचेतूनच बघायचं असतं. पण घाईच्या वेळी काच शोधत कोण बसतो? पिराजीनंही हजारदा तसंच बघितलं होतं.

मोतीबिंदू असेल, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाला तेव्हा त्याला ताटातला भात दिसेना. पिराजी तर सुईत दोरा ओवत होता. अलीकडे तर चष्म्याशिवाय, पहिल्या झटक्यात ओवत होता. जवळचं लख्ख आणि लांबचं पुसट, म्हणजे हा मोतीबिंदू नव्हेच, हा कार्बन, असा निकाल त्यानं देऊन टाकला. वकील तोच, न्यायाधीश तोच आणि फासावर चढणाराही तोच. डॉक्टरकडे जायचं नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं. डॉक्टर ‘आंधळा होणार’ म्हणाला की गणपतरावांना कळणार आणि कळलं की केबिन सुटणार. केबिन सुटल्यावर पिराजी सोनुले नावाच्या माणसानं सकाळी उठून जायचं कुठं?

मग त्यानं एक उद्योग सुरू केला, जो ऑपरेटरशिवाय दुसऱ्या कुणाला सुचला नसता. नवी प्रिंट आली की तो गुरुवारी दुपारी टेबलाशी बसायचा, प्रत्येक रिळाचा शेवट नाकाजवळ घ्यायचा आणि दाभणाच्या टोकानं ठिपक्याभोवती ओरखडा काढायचा. ओरखडा पडद्यावर पांढरा चमके. पिराजीला तेवढं दिसे आणि पेडल वेळेवर दाबलं जाई. लेन्सच्या नळीवर आणि ती बसते त्या कड्यावर त्यानं पांढऱ्या रंगाची एकेक रेघ मारून ठेवली. चित्र नीट जुळलंय की नाही हे पडद्यावर कळत नव्हतं, तेव्हा रेघेशी रेघ जुळवायची आणि मोकळं व्हायचं. पडदा पुन्हा पांढरा पडला नाही. पण सहा महिन्यांत तो ओरखडा दिसेना, तेव्हा पिराजीनं तो मोठा केला. मग आणखी मोठा केला.

गणपतरावांच्या ते लक्षात आलं, पण उलटं आलं. प्रिंटच खराब येताहेत असं समजून त्यांनी वितरकाला कडक भाषेत तक्रारीची पत्रं धाडली आणि त्यांच्याखाली ऑपरेटर म्हणून सही करायला लावली पिराजीलाच. पिराजीनं सह्या केल्या.

घरीही सोंग आणणं भाग होतं. सायकलवरून समोरचं माणूस ओळखू येईना, म्हणून त्यानं सायकल सोडली आणि गुडघा धरला म्हणून सांगितलं. बायको यल्लव्वा संकेश्वरकडची, कामाला वाघीण. ती रोज रात्री त्याच्या उजव्या गुडघ्याला गरम तेल चोळायची. गुडघा ठणठणीत होता. पिराजी मात्र ‘आगं आगं’ करत डोळे मिटून पडायचा. मिटलेल्या डोळ्यांआड तो आंधळेपणाची सवय करून बघत असे. जिन्याच्या पायऱ्या किती, दारापासून मोरी किती पावलं, हे त्यानं मोजून पाठ केलं होतं. माणूस इतका घाबरलेला असताना रोज चार खेळ हसतमुखानं कसा करत होता, कोण जाणे.

दोन वर्षं अशी गेली. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात एका दुपारी केबिनचा लोखंडी जिना वाजला आणि हाक मारत आकाराम आत आला. आकाराम हा मलकापूरच्या टॉकीजचा ऑपरेटर. घरची शेती भावांवर टाकून मशिनच्या नादी लागलेला. तो आणि पिराजी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. श्रीविलासचा सिनेमा उतरला की त्याचे डबे एसटीच्या टपावर चढून मलकापूरला जायचे, त्यामुळे दोघांची भेट वर्षातून एकदा, पण रिळांची दर पंधरवड्याला.

“काय मर्दा, वाट चुकलास व्हय?” पिराजी म्हणाला. आवाजावरून ओळखलं होतं त्यानं.

“आमच्या टॉकीजच्या छपराचं पत्रं बदलाय घेतल्यात. महिनाभर बंद. म्हटलं, तुला बघून यावं.”

“बघ की. हाय तसाच हाय मी.”

रीळ संपत आलं, पडद्यावर पांढरा ओरखडा चमकला, पिराजीनं मोटर लावली, पेडल दाबलं, सगळं बिनचूक. मग तो खिडकीच्या काचेला लागून उभा राहिला. आकाराम हळूच चालत्या मशिनजवळ गेला आणि त्यानं लेन्स अर्धा वेढा फिरवली.

“पिराजी, चित्र कसं दिसतंय रं?”

“झकास! नवीकोरी प्रिंट हाय.”

तेवढ्यात खालून आरोळी आली, “ए फोकऽऽस! झोपलास काय रं वर?” पाठोपाठ शिट्ट्या सुरू झाल्या. पिराजी दचकला. आधी कार्बनकडे धावला, कार्बन नीट जळत होता. मग लेन्सकडे वळला, तर नळीवरची पांढरी रेघ भलतीकडेच गेलेली. त्यानं ती जागेवर आणली. शिट्ट्या थांबल्या. हात लेन्सवर तसाच ठेवून तो म्हणाला, “ही कुणी हलीवली?”

“मी.” आकाराम म्हणाला. “पडद्यावर निस्ता चिखल झालता, आन् तू झकास म्हणतुयास.”

पिराजी पुन्हा लेन्सवरची रेघ चाचपायला लागला.

“तुझं डोळं गेल्यात हे मला दोन वर्सं ठावं हाय.”

“कुणी सांगितलं तुला?”

“तूच की! पयल्यांदा तुझी खूण आली ती ज्वारीच्या दाण्याएवढी. म्हटलं, ठिपका पुसट असंल, गड्यानं उजळून घेतला. मग चिंचोक्याएवढी झाली. मग पुरीएवढी. आन् गेल्या महिन्यात आली ती भाकरीच! निम्मा पडदा खाल्ला तिनं. आमचं पब्लिक म्हणतंय, कोल्हापूरवाल्यांनी जेवाय वाढलं बगा.”

प्रत्येक प्रिंटच्या डब्यात एक चिठ्ठी असते. आधीच्या थिएटरनं प्रिंटची काय दशा केली, ते पुढच्या ऑपरेटरनं तिच्यावर लिहून कळवायचं असतं. पिराजीनं घाबरत विचारलं, “चिठ्ठीवर काय लिवलंस?”

“काय लिवणार? ‘प्रिंट ठीक.’ दर बारीला ‘प्रिंट ठीक’.”

हे ऐकून पिराजीनं खुर्चीवरचे डबे खाली ठेवले आणि तो बसला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा खेळ चालू असताना बसला.

“उस्तादाचं झालं तेच माझं झालंय,” तो म्हणाला. “कार्बननं खाल्लं. आज न्हाय उद्या अंधार व्हणार. हितनं खाली उतरलो की मी कोण रं आकाराम? रस्त्यावर कुणी वळखत न्हाय मला. ह्या मशिनबिगर दुसरं काय बी येत न्हाय.”

“डाक्टर म्हणला असं?”

“डाक्टरकडं गेलोच न्हाय.”

“मग सांगितलं कुणी?”

“मीच वळकलं.”

“वळकलंस? लेन्स फिरलेली वळकंना तुला, आन् डोळ्याचा रोग वळकलास?” आकारामचा आवाज चढला. “दोन वर्सं मी ‘प्रिंट ठीक’ लिवतुया. म्हटलं, गडी दवाखान्यात गेला असंल, आज ना उद्या खूण बारकी हुईल. आन् तू जागचा हललाच न्हाईस व्हय? उद्या सकाळी माझ्यासंगं यायचं. न्हाय आलास तर खाली जाऊन गणपतरावास्नी सांगतो, आत्ता.”

दुसऱ्या दिवशी दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. आपला नंबर येऊ नये असं मनापासून वाटणारा त्या बाकावरचा पिराजी हा एकटाच पेशंट असेल. नंबर आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, तासभर बसवलं, मग बॅटरी मारून एक डोळा बघितला, दुसरा बघितला, पुन्हा पहिला बघितला.

“काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे,” त्या म्हणाल्या. “चांगला पिकलाय. इतके दिवस काय करत होता?”

“बाई, मोतीबिंदू न्हाय त्यो. कार्बन हाय.”

“कसला कार्बन?”

पिराजीनं सगळं सांगितलं. मशिन, कांड्या, उस्ताद, सुईतला दोरा. बाईंनी ते ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाल्या, “डोळ्याच्या मागचा भाग मी नीट बघितलाय. अगदी ठणठणीत आहे. तुमच्या उस्तादांचं काय झालं ते मला माहीत नाही, पण तुम्हाला साधा मोतीबिंदू आहे. आणि या प्रकारात काही जणांना जवळचं उलट चांगलं दिसायला लागतं, थोडे दिवस. तुम्ही त्यालाच फसलात.”

“म्हंजे मी आंधळा व्हणार न्हाय?”

“ऑपरेशन करून घेतलंत तर नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“बाई, येकदा परत सांगा.”

बाईंनी हसून परत सांगितलं. पिराजी बाहेर आला, व्हरांड्यात भिंतीला टेकला आणि रडायला लागला. छातीवर दोन वर्षं ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता आणि आता एवढ्या मोकळ्या छातीचं काय करायचं, हे त्याला समजत नव्हतं. रडता रडता तो हसायला लागला. मग त्याला स्वतःचा राग आला. दोन वर्षं! जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, मोरीपर्यंतची पावलं मोजली, आणि कशासाठी? आकारामनं त्याला समोरच्या हॉटेलात नेलं. पिराजीनं भजीच्या तीन प्लेटा खाल्ल्या आणि चौथी मागवली. इतके दिवस आपल्याला भूकच लागत नव्हती, हे त्याला भजी खाताना कळलं.

घरी यल्लव्वाला सांगायचं काम उरलं होतं. आकाराम सोबत होता म्हणून पिराजीला धीर आला. डोळ्यांचं ऐकून तिनं आधी कपाळाला हात लावला, मग ऑपरेशननं बरं होतं म्हटल्यावर देवळात निघाल्यासारखी उठून चहा टाकायला गेली. चूल पेटवता पेटवता थांबली.

“आन् गुडघा?” तिनं विचारलं.

पिराजी आकारामकडे बघायला लागला.

“अवं, मी काय विचारतीया? गुडघा कवापास्नं दुखतोय?”

“गुडघा... तसा बराच हाय.”

“अय्यो!” यल्लव्वा चहा विसरून बाहेर आली. “दीड वर्स मी चांगल्या गुडघ्याला तेल चोळतीया? रोज? माझी मनगटं दुखत्यात रात्री, ठावं हाय का? बघा वं आकारामआण्णा, ह्यास्नी डोळं न्हाईत, आन् आक्कल तरी कुठं हाय!”

ती कडाडून बोलली आणि मग पदर तोंडाला लावून तिथंच बसली. “येकट्यानं कशाला भ्यायचं वं?” एवढंच म्हणाली. चहा शेवटी आकारामनं केला.

गणपतरावांना सांगायला दोघं मिळून गेले. सगळं ऐकल्यावर गणपतरावांनी टेबलावर पेन आपटलं.

“आणि ती तक्रारीची पत्रं?”

“सही माझीच हाय, साहेब.”

“मी त्या वितरकाला लिहिलं होतं, की तुमच्या माणसांना डोळे आहेत की नाहीत!” असं म्हणून गणपतराव एवढ्या मोठ्यानं हसले की तिकिटाच्या खिडकीतला माणूस बघायला आला. हसून झाल्यावर त्यांनी पिराजीला दीड महिन्याची रजा दिली. तोवर मशिन आकाराम चालवणार होता. त्याच्या टॉकीजचे पत्रे ठेकेदाराच्या कृपेनं जुलै आला तरी अजून लागत होते.

जूनमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं दिवाळीनंतर करू, असं बाई म्हणाल्या. पिराजी हिरवी पट्टी लावून घरी बसला. यल्लव्वानं त्याला खाली वाकू दिलं नाही, ओझं उचलू दिलं नाही आणि गुडघ्याचा विषय रोज एकदा काढल्याशिवाय जेवू दिलं नाही. जुलैच्या मध्याला चष्मा मिळाला. पुढच्या शुक्रवारी बाराच्या खेळाला पिराजी श्रीविलासचा लोखंडी जिना चढला, पायऱ्या न मोजता.

नवा सिनेमा लागला होता. रिळांना कुणी दाभण लावलेलं नव्हतं. आकाराम बाजूला सरकला आणि म्हणाला, “घे. तुझं मशिन. मी निस्ता उभा ऱ्हातो.”

पिराजीनं कार्बन जुळवला, काळी काच डोळ्यांसमोर धरून. पडदा उघडला. तो खिडकीपाशी गेला आणि बघतच राहिला. माणसांना नाकं होती. नाकांत चमक्या होत्या. मागच्या झाडाची पानं सुटी सुटी दिसत होती. खाली तिसऱ्या वर्गात कुणीतरी टोपी काढून डोकं खाजवत होतं, तेही दिसलं. गोष्ट काय चाललीय याच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. रीळ संपत आलं तसा त्याचा जीव उजव्या वरच्या कोपऱ्यात गोळा झाला. दिसेल का? बाई म्हणाल्या खऱ्या, पण दिसेल का?

ठिपका आला. बारका, काळा, गोल. आला आणि गेला.

“दिसला!” पिराजी ओरडला. “आकाराम, दिसला रं!”

“मग मोटर लाव की!”

पिराजीनं मोटर लावली आणि धावत पुन्हा काचेला नाक लावलं. सात सेकंद गेले. दुसरा ठिपका आला. तोही दिसला, अगदी काठासकट दिसला. पिराजी त्या कोपऱ्याकडे बघून असा खुळ्यासारखा हसत राहिला, की पाय पेडलवर आहे हेच त्याच्या ध्यानात राहिलं नाही. रीळ संपलं. फिल्मचं टोक फडफडलं आणि पडदा पांढरा पडला.

केवढा पांढरा! चुन्यात नीळ टाकून दोनदा हात फिरवल्यासारखा, या काठापासून त्या काठापर्यंत. खाली शिट्ट्या सुरू झाल्या, बाकं वाजली, पिराजीच्या सात पिढ्यांची नावं पुकारली गेली.

“पेडल! पेडल दाब की मर्दा!” आकाराम मागून ओरडत होता.

“थांब रं,” पिराजी म्हणाला. “जरा बघू दे की.”